कोंडातलं औषध

ती सकाळ मी विसरलेलो नाही. देवगडकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावात नळयोजनेच्या कोनशिलेसाठी बडे पाहुणे येणार म्हणून बंदोबस्ताची हजेरी चालू होती. तेवढ्यात मासे विकणारी एक बाई पाटी घेऊन आत शिरली.

"सायबानू, बागेच्या राखणदाराकडसून घेतलंय. विकूक धीर होणा नाय. कलमांच्या औषधाचो वास येता."

"मासळीला वास यायचाच," हवालदार म्हणाले.

"हवालदारानू, तुमी चोर वळखा. मासळेचा माका सांगू नकात!"

मी वास घेतला. बाई बरोबर होती; आंब्याच्या कलमांवर फवारायच्या कीटकनाशकाचाच तो वास. नदीत चार कोंड, म्हणजे डोह. प्रत्येकाखाली कुठल्या ना कुठल्या वाडीचा पाणवठा. औषध नेमकं कुठे पडलं, हे आधी कळायला हवं होतं. शिपाई राखणदाराला घेऊन आला.

"गेळ घातलंय, सायबानू. वाडवडलांपासून घालतंव."

गेळाची फळं ठेचून कोंडात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे, ही इकडची जुनी रीत. पण तिला सगळी वाडी जमते, वाटे पडतात.

"तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोण नाय. एकटोच."

एकट्याने कोंडभर गेळ ठेचणारा माणूस मी पाहिलेला नव्हता. हवालदार बाह्या सरसावू लागले. मी त्यांना थांबवलं आणि विचारलं, "तुझ्या घरात पाणी कुठल्या कोंडाचं?"

त्याचा चेहरा उतरला. रात्रीचं औषध सकाळपर्यंत वाहून जाईल, असा त्याचा हिशेब होता. पण उन्हाळ्यात कोंडाचं पाणी जागचं हलत नाही, हे माझ्या प्रश्नाने त्याच्या ध्यानात आलं.

"खालच्या. थंयच औषध घातलंय. बाईल आता पाणी भरून हाडीत आसतली... सायबानू, लिवत रवू नकात, आदी चला!"

जीप वाडीत थांबण्याआधीच त्याने उडी मारली. "पाणी वता! मी कोंडात औषध घातलंय!" असं दारोदार ओरडत तो पळत सुटला. दोन मुलांना उलट्या झाल्या होत्या. पाहुण्यांसाठी राखलेल्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही मुलं हसत घरी आली. पाहुणे मंडपात ताटकळले. शुद्ध पाण्याचं महत्त्व त्यांनी नंतर सविस्तर सांगितलं म्हणे.

वाडीने महिनाभर विहिरीचं पाणी वापरलं. राखणदाराला कोर्टात दंड झाला.

कबुली म्हणजे ठाण्यात कागदावर घ्यायची गोष्ट, असं मी तोवर समजत होतो. त्याने ती स्वतःच्या शेजाऱ्यांसमोर, प्रत्येक उंबऱ्यावर दिली. मी लिहून घेतलेला जबाब त्यापुढे अगदीच किरकोळ होता.