पदरातलं संत्रं

त्या दिवाळीला सासरच्या मंडळींसमोर मी हातातलं संत्रं गायब करणार होते. महिनाभर आरशासमोर सराव करून स्वतःला मोठी जादूगारीण समजत होते मी, येडी कुठली. युक्ती फक्त नवऱ्याला सांगितली होती. टेपवर त्याची लाडकी, दिवाळीच्या गाण्या-विनोदांची कॅसेट चालू होती.

मी रिकामे हात दाखवले, सासूबाईंचे डोळे विस्फारले, आणि हा म्हणतो, "पदर झटक ना वं."

संत्रं टपकन पडलं. सगळ्यांच्या आधी कॅसेटमधली माणसं खदखदून हसली. माझं डोकं असं सणकलं, की अजून शांत नाही.

"काहून रागावून राहिली? गंमत केली."

मग त्याच्यासमोरच मी कॅसेट पदराआड नेली. त्याने पदर झटकायला लावला. काही पडलं नाही. ती युक्ती मी त्याला अजून सांगितलेली नाही.