आडाळ्याची धार

तयारी हेच काम असं मानणारा आमच्या शेजारच्या काकांएवढा निष्ठावान माणूस मसुऱ्यापासून आरोंद्यापर्यंत सापडायचा नाही. काकींच्या आडाळ्याचे, म्हणजे नारळ खोवायच्या विळीचे, दाते बोथट झाले होते. त्यावर जोर लावून लावून काकींचा खांदा धरायचा. म्हणून काकांनी हातात मावणारं एक यंत्र आणलं. टोकाला हवं ते बिट बसवलं की ते गरगर फिरून घासतं, कोरतं, कापतं. डब्यातच एक गुलाबी दगडी बिट होतं. पण यंत्रासोबत फुकट आलेल्या बिटावर काकांचा विश्वास नव्हता. मग हिऱ्याच्या कणांची बिटं आली, चकत्या आल्या, पॉलिशचे बुरूस आले, आणि ते ठेवायला बांगड्यांचे डबे लागले म्हणून काकींच्या बांगड्या पिशवीत गेल्या. प्रत्येक बिटाची परीक्षा व्हायची. परसातल्या फणसाची एक फांदी त्यांनी इतकी गुळगुळीत केली, की मुंग्या वाट बदलून जायच्या. कुडाळचा दुकानदार त्यांना बघताच हात जोडायचा. "काका, आडाळ्याक धार काढूची आसा, की सोन्याचो दात बसवूचो आसा?"

"घाई केलंय तर दाते जातले," काका घरी काकींना म्हणायचे. "थांब गो, बारीक दगड येतलो, मगे बघ."

"माका नारळ खोवूचो आसा," काकी आतून ओरडायच्या, "तुमका दुकान मांडूचा आसा!"

मला राग यायचा तो बाजाराचा. एका साध्या कामासाठी शंभर वस्तू पुढे मांडायच्या आणि निवडता निवडता कामच विसरायला लावायचं, ही लूट आहे. हे मी काकांना तावातावाने सांगितलं. "खरा आसा रे तुझा," ते म्हणाले, आणि नवीन चकती दाखवायला मला आत घेऊन गेले.

मग एका सकाळी काकींचा हात वर उचलेना. यापुढे खोवणं बंद, डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्यातून आल्यावर काकांनी थेट यंत्राचा मूळ डबा उघडला. त्यांनी ते गुलाबी बिट लावलं आणि पडवीत बसले. मी चहा संपवायच्या आत सगळे दाते लखलखीत झाले.

काकींनी डाव्या अंगठ्याने धार चाचपली. "बरी झाली," त्या म्हणाल्या. "पण आता खोवतलो कोण?"

"मी आसंय मा."

तेव्हापासून काका रोज आडाळ्यावर बसतात. हात अजून बसलेला नाही. करवंटीही खरवडली जाते. काकींची सोलकढी कशी गुलाबी असायची. आता तिच्यात तपकिरी कण तरंगतात. काकी वाटी तोंडाला लावतात, आणि काका दुसरीकडे बघतात.