कर्ण्यावरचे नाव

आत्लिकान गावात गुपित टिकत नाही. डोंगराच्या उतारावर घरे एकमेकांना अशी टेकून उभी आहेत की एका घरात मिरची भाजली तर तिसऱ्या घरात ठसका लागतो. आणि भिंतीपलीकडून जे कळत नाही ते कर्णा सांगतो. गावकचेरीच्या गच्चीवर चार दिशांना तोंडे करून चार कर्णे बसवले आहेत. डुक्कर कापले, शेळी हरवली, गॅसची गाडी आली, परगावच्या लेकाचा फोन आला, सगळे आबुंदिओ कर्ण्यावरून सांगतो आणि पार खालच्या कॉफीच्या मळ्यात वाकलेल्या माणसालाही ते ऐकू जाते.

अशा गावात फिलेमोना सोचिवा सव्वीस वर्षे दवाखान्यातले केसपेपर सांभाळत आली होती आणि त्या केसपेपरांतला एक शब्दही गावात फुटला नव्हता.

तशी ती अबोल नव्हती. छे! नदीला पूर आला तरी तिच्यापुढे त्याचा आवाज पडावा. कोंबडीने अंडे कुठे घातले, कोणाच्या जावयाने छताला कोणता रंग दिला, यंदा मका का पोकळ निघाला, हे सगळे ती बाजारात उभ्या उभ्या सांगे. पण कोणी मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, लावून म्हणावे, "दोन्या फिला, तो सुतार काल दवाखान्यात कशाला आला होता गं?" की तिचा चेहरा उन्हातल्या दगडासारखा व्हायचा. "कोण सुतार?" ती विचारायची. समोर सुतार उभा असला तरी विचारायची. गावाने तिचे नाव ठेवले होते थडगे. प्रेमाने ठेवले होते, आणि तिने ते दागिन्यासारखे मिरवले.

याला कारण होते. ती बत्तीस वर्षांची असताना नवऱ्याला छातीचा आजार झाला. औषधाने बरा होणारा आजार. पण दवाखान्याच्या त्या वेळच्या कारकुनाने तो दळणाच्या रांगेत सांगितला आणि दुसऱ्या सकाळपासून फिलेमोनाच्या हातचे तमाल, मक्याच्या पानात उकडलेले पिठाचे मुटके, कोणी घेईना. शेजारणीने त्या दोघांचा पेला वेगळा ठेवला. नवरा पुढे दुसऱ्याच कारणाने गेला, पण जाईपर्यंत तो त्या वेगळ्या पेल्याकडे बघत राहिला. तो कारकून निवृत्त झाल्यावर फिलेमोनाने अर्ज केला. नोकरी लागली त्या दिवशी तिने लोखंडी कपाटाला नवे कुलूप लावले आणि किल्ली परकराच्या नाडीला बांधली. ती अजून तिथेच आहे.

तिची एक रीत होती, आणि ती तिने स्वतःच्या डोक्याने काढलेली. जत्रेत लोक मक्याचे दाणे ठेवून चित्रांच्या पत्त्यांचा खेळ खेळतात ना, कोंबडा, चंद्र, शिडी, छत्री, कलिंगड? तसा एक जोड तिने आणला. तालुक्याच्या प्रयोगशाळेत कोणाचे रक्त तपासायला गेले की त्या माणसाला ती त्यातले एक पान द्यायची. रिपोर्ट आला की आबुंदिओकडे चिठ्ठी जायची आणि कर्ण्यावरून एवढेच ऐकू यायचे: "शिडीने दवाखान्यात यावे." शिडी कोण ते शिडीला माहीत आणि फिलेमोनाला. मरणाचे पान तिने पहिल्याच दिवशी चुलीत घातले. दारुड्याचेही घालणार होती, पण तेच पान हवे म्हणून दोघेतिघे दर वेळी हट्ट धरायचे, म्हणून राहू दिले.

त्या पावसाळ्याच्या शेवटी एल्पिदिया दवाखान्यात आली. एल्पिदिया पाव भाजायची. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला फिलेमोनाने हातांवर धरले होते, म्हणून ती तिला माद्रीना म्हणे, धर्माची आई.

"माद्रीना, मला वाटतं मला दिवस गेलेत," ती हळूच म्हणाली.

फिलेमोनाने आनंदाने हात वर केले आणि लगेच खाली घेतले. कारण एल्पिदियाचे तीन वेळा पोट पडले होते. तिन्ही वेळा गावाला आधीच कळले होते. तिन्ही वेळा बायका आधी अभिनंदनाला आल्या आणि मग कोंबडीचा रस्सा घेऊन सांत्वनाला. आणि ज्यांना दुसरी बातमी कळली नव्हती त्या महिन्याभराने पुन्हा अभिनंदनाला.

"ते मला सगळ्यात जड गेलं," एल्पिदिया म्हणाली. "या वेळी माझा नवरा, मी आणि तू. सासूलासुद्धा नाही. पोट दिसायला लागलं की मीच सांगेन. माझ्या तोंडाने. तेवढं मला मिळू दे."

"मिळालं," फिलेमोना म्हणाली आणि छत्रीचे पान तिच्या मुठीत ठेवले.

शनिवारी फिलेमोना रजेवर होती, पलीकडच्या गावी एका लग्नाला. दवाखान्यात होती एकटी डॉक्टर रेनाता. शहरातली, नुकतीच शिकून आलेली, वर्षभराच्या सेवेसाठी, आणि येऊन बारा दिवस झालेली. मुलगी गुणी होती. गावाच्या चालीने चालावे म्हणून धडपडत होती. रिपोर्ट आले. गावात प्रत्येक निरोप कर्ण्यावरून जातो, एवढे तिने बारा दिवसांत बघितले होते. पत्त्यांचे तिला कोणी सांगितले नव्हते. योगायोगाने आबुंदिओच रक्तदाब मोजायला आला होता. तिने चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या हातात दिली. "काका, उद्या बाजारात एवढं सांगाल?"

आबुंदिओने चिठ्ठी न उघडता टोपीत ठेवली. चिठ्ठी आधी वाचायची नाही, हा त्याचा नेम. आधी वाचली तर आवाजातली चव जाते, म्हणायचा. त्याचा आणखी एक नेम होता. नाव तो शेवटी सांगायचा. आधी मजकूर, मग पुन्हा तोच मजकूर, मग खोकला, मग नाव. आधीच नाव सांगितले तर बाकीचे कान काढून घेतात आणि मग कर्ण्याला कोण विचारतो?

रविवारी बाजार भरला. धुके उठून डोंगरावर गेले होते. फिलेमोना कडेच्या दगडावर बसून गरम तमाल खात होती. समोर एल्पिदिया टोपलीतले पाव मांडत होती. कर्णा खरखरला.

"मंडळी, लक्ष द्या. दवाखान्याकडून निरोप आहे. गरोदरपणाच्या तपासणीचा रिपोर्ट आलेला आहे."

एल्पिदियाचा हात टोपलीतच थांबला. तिने वर पाहिले नाही. फक्त तिच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या झाल्या, आणि ते फिलेमोनाने पाहिले.

तमाल दगडावर राहिला. एकसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी अधू, ती बाई उठली आणि गावकचेरीकडे पळत सुटली. टोमॅटोची रास तिने ओलांडली, टर्कीच्या पिंजऱ्याला धक्का दिला, कोणाला तरी शिवी हासडली.

"पुन्हा सांगतो. दवाखान्याकडून निरोप आहे. गरोदरपणाच्या तपासणीचा..."

बावीस पायऱ्या. अर्ध्यावर तिची एक चप्पल सुटून खाली गेली. जाऊ दे. वर आबुंदिओ खुर्चीत ताठ बसला होता. चष्मा नाकावर, चिठ्ठी हातात, नावाची ओळ अजून खाली दुमडलेली, आता खोकत होता. तो खोकला देवानेच पाठवला, असे ती नंतर म्हणायची. तिने त्याच्या हातातून चिठ्ठी ओढली आणि चोळीत घातली.

कर्णा चालू होता. खाली सगळा बाजार माना वर करून उभा होता, कोथिंबिरीची जुडी हातात धरून.

आता काय म्हणावे? छत्री म्हणावे तर गरोदरपण आधीच सांगून झाले होते. मग आठवडाभर सगळे गाव दवाखान्याच्या दाराशी डोळे लावून बसणार, कोण आत जाते बघत. नाव हवे होते. कोणाचे तरी नाव हवे होते, नाहीतर गाव शोधत राहणार. दुसऱ्या कोणाचे घेणार? ज्याच्यावर तिचा हक्क होता असे एकच नाव तिच्याजवळ होते.

तिने माईक ओढून घेतला. धाप लागली होती.

"तो रिपोर्ट," ती म्हणाली, "फिलेमोना सोचिवा यांचा आहे. त्यांनी तो स्वतः घेतलेला आहे. आभारी आहोत."

बाजारात जो हशा उठला तो म्हणे खालच्या मळ्यापर्यंत गेला.

आबुंदिओने चष्मा काढला. "फिला," तो म्हणाला, "एकसष्टाव्या वर्षी?"

"का? तुझी काही अडचण?"

"अडचण नाही. पण... कोणाचं?"

"कर्णा बंद कर आधी, मेल्या!"

तोवर उशीर झाला होता. "कोणाचं?" हेही सगळ्या गावाने ऐकले होते. आणि आबुंदिओ विधुर होता, तीही विधवा. गावाला दोन अधिक दोन करायला कितीसा वेळ लागतो?

खाली आल्यावर कसायाने तिच्या पिशवीत मांसाचा एक तुकडा जास्तीचा टाकला. "दोन्या, आता दोघांचं खायला हवं." भाजीवालीने कच्चे आंबट पेरू दिले. म्हातारी तेओफिला काठी टेकत आली आणि तिच्या पोटावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाली, "मुलगाच आहे. भारी हट्टी दिसतोय."

"आईवर गेलाय," फिलेमोना म्हणाली आणि दगडावरचा गार तमाल उचलून खाऊ लागली.

टोपलीमागे एल्पिदिया हसत होती. सगळ्यांबरोबर हसत होती, आणि डोळे पुसत होती. हसता हसता सगळेच डोळे पुसत होते, त्यामुळे कोणी तिच्याकडे पाहिले नाही.

सोमवारी डॉक्टर रेनाता कपाटापुढे उभी राहून रडली. "कॉलेजात हेच तर शिकवलं होतं, दोन्या. रुग्णाचं ते रुग्णाचंच. कायदा आहे. परीक्षेत मी तो तोंडपाठ लिहिला होता."

"कायद्याला आमचा कर्णा माहीत नाही, पोरी." फिलेमोनाने तिच्यापुढे पत्त्यांचा जोड ठेवला. "हे घे. पिस. आणि दारुड्या कोणाला द्यायचा ते मला विचारून दे."

गावाने ती गंमत महिनोन्‌महिने पुरवून खाल्ली. कोणी विणलेले मोजे आणून दिले, बोटाएवढे. कोणी झबले. पाद्रीबाबांनीसुद्धा तिला बाजूला घेतले. "फिला, गावात बोलतात ते..."

"पाद्रीबाबा, तुम्ही कबुलीच्या खोलीतलं बाहेर सांगता का?"

"नाही."

"मग माझ्या कपाटातलं मला विचारू नका."

पाद्रीबाबा इतके हसले की त्यांना बाकावर बसावे लागले.

आणि आबुंदिओ? तो रविवारी इस्त्रीचा सदरा घालू लागला. केसांना तेल लावू लागला. लोकांनी चिडवले की तो नाही म्हणायचा, पण फार जोराने नाही म्हणायचा नाही.

सहा महिने झाले. फिलेमोनाचे पोट होते तसेच राहिले. आणि एका रविवारी, लख्ख उन्हात, एल्पिदिया पावांची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात आली. शाल घरी ठेवून आली होती. पुढे पोट, मागे एल्पिदिया. बायका बोटांवर महिने मोजू लागल्या. मोजता मोजता एकेक नजर फिलेमोनाकडे वळली.

"दोन्या फिला," कसाई सावकाश म्हणाला, "तो रिपोर्ट..."

"कुठला रिपोर्ट?" फिलेमोना म्हणाली. समोर एल्पिदिया उभी होती तरी म्हणाली.

कसायाने टोपी काढली, एवढेच. म्हाताऱ्या तेओफिलाने आपली काठी उचलली आणि एल्पिदियाच्या पोटाकडे निघाली. "सरका. मला बघू द्या. मागच्या वेळी मी चुकीच्या बाईला हात लावला."

कॉफी फुलावर आली तेव्हा मुलगी झाली. साडेतीन किलो, आणि आवाज असा की कर्ण्याची गरज नाही. तरी एल्पिदियाने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून आबुंदिओकडे पाठवली. त्याने ती उघडली, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा न खोकता सुरुवात केली.

"एल्पिदिया! मंडळी, एल्पिदिया पाववालीला मुलगी झाली!"

फिलेमोना दुपारी तिच्या घरी गेली. बरोबर एक गाठोडे होते. दवाखान्याच्या लोखंडी कपाटात, केसपेपरांच्या खालच्या खणात, कुलपाखाली तिने ते सगळे जपून ठेवले होते. मोज्यांचे अकरा जोड, चार झबली, एक लोकरी टोपी. गावाने थट्टेत दिलेले, पण विणलेले नीट. एल्पिदियाने उशीखालून छत्रीचे पान काढले आणि तिच्या हातात परत दिले. बोलण्याचे काम मुलीनेच केले.

परतताना उतारावर आबुंदिओ भेटला. इस्त्रीच्या सदऱ्यात. तो थोडा वेळ तिच्याबरोबर चालला, टोपी हातात फिरवत.

"फिला," तो शेवटी म्हणाला. "एल्पिदियाचं तर झालं. आता आपलं काय?"

तिने परकराच्या नाडीवरची किल्ली चाचपली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"आपलं काय ते फायलीत आहे," ती म्हणाली. "आणि कर्ण्यावरून विचारलंस तर कधीच उघडणार नाही."

"आणि इथे विचारलं तर?"

ती उतार उतरू लागली. पण सावकाश, त्याला गाठता येईल इतकी सावकाश.