चार वाट्या पीठ

बावीस वर्षांनी पाण्यात उतरायची पाळी आली, तीही स्वतःच्या जिभेपायी. जुमाकादिर म्हणजे सोव्हिएत जमान्यात इस्सिक-कुल सरोवराच्या तळातून बुडालेले टॉर्पेडो हुडकून आणणारा पाणबुड्या. पेन्शनीत निघाल्यापासून मात्र त्याची नुसती जीभच पोहत होती. काल धक्क्यावर फुशारक्या मारत, आईच्या वेळचे चांदीचे डूल मित्राला दाखवायला गेला आणि पुरचुंडी सुटली हातातून. बुडुक!

उद्या तेच डूल त्याच्या बायकोने, बुरुलचाने, नियोजित सुनेच्या कानात घालायचे होते. डूल कानात, तर सोयरीक पक्की. नाहीतर मुलीकडचे मटण खाऊन, हात पुसून वाटेला लागणार.

"टॉर्पेडो सापडायचे म्हणे," बुरुलचा म्हणाली. "मग आता बायकोचं तोंड काय बघत बसलायस?"

सामान काढलं. हवेच्या नळकांड्यांवर कोंबड्या बसत होत्या. तोंडावरची काच बुरुलचा कांदा चिरताना लावायची.

"बायबिचे, अगं घरधनिणी, शिशाचा पट्टा कुठंय?"

"कोबीच्या पिंपावर दडपण ठेवलाय. काढलास तर कोबी वर येईल."

"नाही काढला तर मी वर येईन!"

पट्टा मिळाला. रबरी पोशाख मात्र पावडर लावल्याशिवाय अंगावर चढेना, आणि घरात पावडर औषधालाही नव्हती. बचाव-ठाण्यावरचा म्हातारा मित्र गेनादी नळकांड्यांत हवा भरून घेऊन आला होता. तो म्हणाला, "पीठ चोपड की. पांढरं ते पांढरं."

पूर्वीच्या अंगाला दोन वाट्या पुरल्या असत्या. आताच्या पोटाला चार लागल्या.

धक्क्यावर गेनादीनं दोर धरला. "एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे?"

"मी मेलो."

"मेल्यावर झटके कोण देणार रे, तुझा बाप?"

तीन पुरुष पाणी. पहिल्या श्वासाला छाती धडधडली, दुसऱ्याला त्याला घर आठवलं. तिसऱ्याला मात्र पाय आपोआप हलायला लागले, जणू ते कधी पेन्शनीत गेलेच नव्हते. शेवाळात हात घातला, चाचपलं, गाळ उडवला. अखेर एका दगडाच्या कुशीत पुरचुंडी! शिडी चढायला दोन्ही हात लागणार म्हणून त्यानं ती मनगटाशी बाहीत खुपसली. जुनं रबर टरकन् फाटलं, आणि बर्फासारखं पाणी आत पिठाच्या भेटीला गेलं.

वर आला तो टम्म फुगून. पोशाख सोलला, तर मानेपासून गुडघ्यापर्यंत कणीक.

बुरुलचानं आधी पुरचुंडी सोडली. दोन्ही डूल पाहिले. मग नवऱ्याकडे बघितलं. "भिजवलंयस छान. तेल तापवू का?"

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर डूल निघाले. नक्षीत कणीक वाळून बसली होती, रात्रभर घासूनही निघाली नव्हती. मुलीच्या आईनं डोळे बारीक केले. "विहीणबाई, हे पांढरं काय?"

जुमाकादिर चहाच्या कपात टॉर्पेडो शोधू लागला.

"आमच्या घराण्याची रीत आहे," बुरुलचा पापणीसुद्धा न हलवता म्हणाली. "डुलाला पीठ लागलं की सून भरल्या घरात नांदते." आणि तिनं डूल मुलीच्या कानात घातलेसुद्धा.

मुलीच्या आईचा चेहरा खुलला. "माझ्या धाकट्याचंही जमतंय. पीठ किती घ्यायचं हो?"

"चार वाट्या," जुमाकादिरच्या तोंडून निघून गेलं.