बदलीचा बझर आणि लान्साना दियात्ता

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, जपानमधल्या ग्योतोकुच्या क्रीडागृहात सराव-सामना चालू असताना लान्साना दियात्ता कोणी न सांगता मैदानाबाहेर गेला. पळतच गेला. बाकावर बसला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. तोवर मैदानात खेळ सुरू झाला होता आणि त्याच्या संघाचे चारच जण खेळत होते. पाहुण्या संघाला मोकळा माणूस शोधावाही लागला नाही. दोन पासांत बास्केट झाली.

प्रशिक्षक कुरोइवा अठ्ठावन्न वर्षांचे. आवाज चढवणं त्यांनी पन्नाशीतच सोडून दिलं होतं. त्यांनी बाकाकडे वळून पाहिलं.

"दियात्ता, लागलं का कुठे?"

"नाही, कोच."

"मग इथे काय करतोयस?"

लान्सानाने मैदानाकडे बोट केलं. "डेस्मंड आत आला."

"आला. मीच पाठवला. हिराताच्या जागी." एवढं बोलून कुरोइवा पुन्हा सामना पाहू लागले. संघाचा गार्ड आणि कर्णधार हिराता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याने एकदा लान्सानाकडे पाहिलं आणि मग बुटाची नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

त्या क्षणी लान्सानाला आपण काय केलं ते कळलं. तो बाकावरून उठला, कोचची, हिराताची आणि टेबलामागे बसलेल्या पंचमंडळींची त्याने कमरेत वाकून माफी मागितली आणि तो पुन्हा बसला. त्या दिवशी त्याला परत आत पाठवलं नाही.

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. जपानच्या शालेय बास्केटबॉलमध्ये संघात परदेशी विद्यार्थी दोन असले तरी एका वेळी मैदानावर एकच खेळू शकतो. लान्साना सेनेगलच्या दक्षिणेकडच्या बिग्नोना गावातून सोळाव्या वर्षी जपानला आला तो उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावातल्या हायस्कूलमध्ये. तिथे त्याच्याआधी एक वर्ष आलेला नायजेरियाचा चिबुझो होता. चिबुझो दोन मीटर तीन, लान्साना एक मीटर नव्याण्णव. पहिल्याच आठवड्यात तिथल्या शिक्षकांनी दोघांना नियम समजावला आणि त्याची तालीम करून घेतली. एक बाकावरून उठला, टेबलापाशी गेला, बझर वाजला, की दुसऱ्याने पळत बाहेर. नाव पुकारायची वाट पाहायची नाही, कोचकडे बघायचं नाही. दोघे एकाच वेळी आत सापडले तर दंड सगळ्या संघाला. शिक्षक बझर वाजवत आणि दोघे जागा बदलत. एका दुपारी चाळीस वेळा.

पुढे विद्यापीठात चार वर्षं, तिथेही एका वेळी एकच. तिथे दुसरा मालीचा होता. माणूस बदलला, सवय तीच राहिली. सात वर्षांत लान्सानाने दुसऱ्या परदेशी खेळाडूबरोबर अधिकृत सामन्यात एक मिनिटही काढलं नव्हतं. मैदानात दुसरा आफ्रिकी किंवा अमेरिकी चेहरा आपल्याच रंगाच्या बनियनमध्ये दिसला की त्याचे पाय बाकाकडे वळत. डोक्याला विचारत नसत.

व्यावसायिक संघात गणित वेगळं होतं. शिओकाझे हा तिसऱ्या श्रेणीतला क्लब. परदेशी खेळाडूंच्या जागा तीन, त्यातले दोघे एका वेळी आत. एका जागेवर डेस्मंड होता, ओहायोचा, छत्तीस वर्षांचा, दोन मीटर आठ. दुसरीवर लिथुएनियाचा एक जण. तिसरी जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी लान्सानाची चार आठवड्यांची चाचणी चालू होती. शाळेत एक मीटर नव्याण्णव म्हणजे डोंगर. इथे बास्केटखाली उभं राहायला तीच उंची अपुरी. शिवाय सात वर्षं त्याला सांगितलं गेलं होतं की ड्रिबल करू नकोस, लांबून मारू नकोस, चेंडू धर आणि खेळ मांडणाऱ्या गार्डला दे. ते तो चोख करायचा. तेवढ्यावर जागा मिळत नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच दिसलं.

विद्यापीठ मार्चमध्ये संपलं होतं. नोकरी शोधण्यासाठी मिळालेली मुदत सप्टेंबरअखेर संपणार होती. तोवर हातात करार नसेल तर जपान सोडावं लागणार होतं. बिग्नोनात मोठी बहीण शिवणकाम करायची. ती फोनवर विचारायची, "संघात घेतलं का?" तो म्हणायचा, "सराव चालू आहे." तेही खोटं नव्हतं.

त्या शनिवारी बझर ज्याने दाबला तो टेबलावरचा माणूस होता चंद्रशेखर. मूळचा पुण्याचा, कॉलेजच्या संघात खेळलेला, आता कावासाकीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा आणि ग्योतोकुत नऊ वर्षं राहणारा. गुण आणि वेळ नोंदवणाऱ्या टेबलावर बसण्याची परीक्षा त्याने हौसेने दिली होती. सामना संपल्यावर तो लान्सानाजवळ आला.

"मी बझर दाबला आणि तू निघालास. तुला कोणी ढकलल्यासारखा."

"शेखर-सान, मला कळलंच नाही."

"ते दिसलं. रविवारी सकाळी काय करतोस?"

"कपडे धुतो."

"आठ वाजता इथेच ये. अर्धं मैदान आमचं असतं. कपडे दुपारी धू."

रविवारी लान्साना आला तेव्हा सहा मराठी इंजिनिअर धापा टाकत खेळत होते. चाळिशीच्या आसपासचे सगळे, पोटं थोडी सुटलेली, बूट मात्र उत्तम. चंद्रशेखरची बायको पद्मिनी बाजूच्या बाकावर थर्मास घेऊन बसली होती. चंद्रशेखरने फोनवर बझरचा आवाज लावला आणि नियम सांगितला. लान्साना खेळेल. मधेच बझर वाजेल आणि एक जण आत येईल. त्याने कोणाचं नाव घेतलं तर तो बाहेर. नाव घेतलं नाही तर लान्साना जागचा हलणार नाही.

"आणि हलला तर?" सदानंदने विचारलं. तो सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत उत्साही.

"तर पुन्हा."

पहिल्या रविवारी वीस बझरांपैकी चौदा वेळा लान्सानाचे पाय निघाले. कधी एक पाऊल, कधी पार रेषेपर्यंत. चंद्रशेखर आकडा मोठ्याने सांगायचा. तो निघाला की पद्मिनी बाकावरून ओरडायची, "थांब!" चौथ्या वेळी लान्सानाने ह्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यानंतर त्याला जपानीतून सांगावं लागलं नाही.

"सदानंद, आत येतोयस की प्रदक्षिणा घालतोयस?" पद्मिनी म्हणाली. "तू पोचेपर्यंत तो बिचारा विचार करून निघून जातो. पळ जरा."

"वहिनी, मी मुद्दाम सावकाश येतोय. त्याची कसोटी लागावी म्हणून."

"तुझीच लागतेय."

दुसऱ्या रविवारी वीसपैकी सात. तिसऱ्या रविवारी दोन. मधल्या दिवसांत सकाळी तो खाडीकडच्या गोदामात खोकी लावायचं अर्धवेळ काम करायचा आणि दुपारी क्लबच्या सरावाला यायचा. सराव संपला की लांबून शंभर शॉट मारायचा. शंभरात वीस जात, कधी अठरा. फेकताना कोपर बाहेर जातं, असं हिराताने एकदा जाता जाता सांगितलं. पुढचे तीन दिवस लान्साना भिंतीला कोपर टेकवून उभा राहिला. डेस्मंडने ते पाहिलं आणि म्हणाला, "भिंत खचेल, पोरा."

चाचणीचा शेवटचा सामना ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी होता. टेबलावर चंद्रशेखरच होता, पण त्या दिवशी तो लान्सानाशी बोलला नाही. टेबलावरच्या माणसाने बोलायचं नसतं. दुसऱ्या सत्रात पाच मिनिटं उरलेली असताना डेस्मंड बाकावरून उठला. बझर वाजला. लान्सानाची डावी टाच उचलली गेली आणि परत खाली टेकली.

डेस्मंड आत आला आणि चालता चालता म्हणाला, "लान्स, बाहेर."

आत येणाऱ्याने ज्याचं नाव घेतलं त्याने जायचं, हा रिवाज सगळ्या जगात आहे. रविवारच्या तालमीतही तेच शिकवलं होतं. पण लान्सानाने मैदानाकडे नजर फिरवली. लिथुएनियाचा खेळाडू बाकावर होता. आत परदेशी तो एकटाच होता, त्यामुळे डेस्मंडसाठी त्याने जायलाच हवं असं नव्हतं. गार्डची जागा घेऊन डेस्मंडला आत आणायचं, दोन उंच माणसं एकत्र खेळवायची, हा डाव कुरोइवांनी गुरुवारी सरावात तीनदा घोटून घेतला होता.

"नाही," लान्साना म्हणाला.

"काय नाही?"

"कोचनी कोणाचं नाव सांगितलं?"

डेस्मंड थांबला. बारा वर्षांत अनेक संघांत तो बास्केटखाली खेळणारा सेंटर म्हणून दुसऱ्या सेंटरच्याच जागी आत गेला होता. त्यालाही त्याची सवय होती. त्याने वळून बाकाकडे पाहिलं. कुरोइवांनी हिराताकडे बोट केलं. हिराता एव्हाना निम्म्या वाटेवर पोचला होता. त्याने जाता जाता डेस्मंडच्या तळहातावर टाळी दिली आणि म्हणाला, "म्हातारा झालास."

पुढची पाच मिनिटं दोघे एकत्र खेळले. आतली जागा डेस्मंडची असल्यामुळे लान्सानाला बाहेर उभं राहावं लागलं. त्याने लांबून तीन शॉट मारले. दोन चुकले, एक गेला. चौथ्या वेळी त्याने मारण्याचा बहाणा केला, अंगावर आलेल्या माणसाला बगल देऊन दोन ड्रिबल केले आणि चेंडू डेस्मंडकडे टाकला. बास्केट झाली. त्याच्या ड्रिबलवर कोणी काही म्हणालं नाही. सात वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

सोमवारी क्लबचे व्यवस्थापक शिराइशि यांनी त्याला बोलावलं. कुरोइवाही बसले होते. शिराइशिंनी कागद पुढे सरकवला. डिसेंबरपर्यंत सराव-खेळाडू म्हणून करार. संघाबरोबर सराव, सामन्यांत नोंद नाही. तिसरी जागा तूर्त मोकळी ठेवायची होती, कारण युरोपातल्या एका उंच सेंटरशी बोलणी चालू होती. ती फिसकटली तर मग बघू.

लान्सानाने कागद शेवटपर्यंत वाचला. जपानी वाचायला त्याला वेळ लागे आणि त्याने तो घेतला.

"ह्या करारावर मला राहण्याचा परवाना मिळेल का?"

"प्रयत्न करू," शिराइशि म्हणाले. "खात्री देता येत नाही."

"मग मला हे नको. मला जागा हवी आहे. द्यायची नसेल तर आजच सांगा, म्हणजे मी दुसरा क्लब शोधतो. माझ्याकडे सप्टेंबर आहे."

तो हे सगळं अत्यंत आदरार्थी जपानीत बोलला, शाळेत शिकवलेल्या. त्यामुळे नकार आहे हे कळायला शिराइशिंना थोडा वेळ लागला. त्यांनी कुरोइवांकडे पाहिलं. लान्साना उठला, वाकला आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर पडला. दुसरा क्लब त्याने शोधलेला नव्हता.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या कोम्बिनीसमोर, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानासमोर, त्याने हे चंद्रशेखर आणि पद्मिनीला सांगितलं. चंद्रशेखरने कॉफीचा कॅन न उघडता तसाच हातात धरला.

"अरे, आधी पाय आत ठेवायचा. बोट मिळालं की हात धरता येतो."

"बोट दिलं नाही, शेखर-सान. नुसतं दाखवलं."

चंद्रशेखर मराठीत पद्मिनीला म्हणाला, "वेडा आहे हा. एक महिना राहिलाय फक्त."

"वेडा कसला? तू चार वर्षं 'पुढच्या एप्रिलला पर्मनंट करू' ऐकलंस. केलं का?"

"झालो ना शेवटी."

"दुसऱ्या कंपनीत."

चंद्रशेखरने कॅन उघडला. लान्सानाला शब्द कळले नाहीत, पण पद्मिनी कोणाच्या बाजूने आहे ते कळलं.

मंगळवार गेला. बुधवारी तो उत्तरेकडच्या दोन क्लबांना स्वतःच्या सामन्यांचे व्हिडिओ पाठवून गोदामात कामाला आला. मधल्या सुट्टीत फोन वाजला. कुरोइवा होते.

"उद्या नऊला ये. सही करायची आहे. एक हंगाम, तिसरी जागा."

"आणि तो युरोपचा सेंटर?"

"सेंटर माझ्याकडे आहे. डेस्मंडच्या जागी खेळणारा मला नको होता, त्याच्या बाजूला खेळणारा हवा होता. हे शिराइशि-सानना पटवायला दोन दिवस गेले." मग तितक्याच सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "लांबून शंभरात किती जातात?"

"सव्वीस."

"नोव्हेंबरपर्यंत पस्तीस पाहिजेत. नाही झाले तर शिराइशि-सान बरोबर ठरतील, आणि ते मला रोज ऐकवतील."

"क्रीडागृह किती वाजता उघडतं, कोच?"

"सातला."

"उद्या सातला येतो. सही नऊला करू."

लान्सानाने मुकादमाला महिनाअखेर काम सोडत असल्याचं सांगितलं आणि सुट्टीची सहा मिनिटं उरली होती तेवढ्यात बहिणीला फोन केला. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "घेतलं." तिने पुन्हा विचारलं, कारण तिला वाटलं लाईन खराब आहे.

ऑक्टोबरमधल्या पहिल्या सामन्यात तो अकरा मिनिटं खेळला. पाच रिबाउंड, तीन फाउल. लांबून चार शॉट मारले, त्यातला एक गेला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी सात वाजता क्रीडागृह उघडणाऱ्या बाईंनी कुलूप काढलं तेव्हा तो चेंडूची पिशवी घेऊन दाराशी उभा होता.