किटलीचं एक मत

डाव्या हाताच्या बोटाला निळी शाई लावून घेतल्याशिवाय आमच्या इमारतीत कुणालाही टेनिसपटू निवडता येत नसे. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं. पण ते खरं आहे. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर सरांच्या घरी, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चार ते पाच या वेळात 'महिन्याचा टेनिसपटू' निवडण्यासाठी रीतसर मतदान होई. मतदार सोळा, खुद्द सर धरून. त्या सोळांपैकी एकानेही जन्मात रॅकेट हातात धरलेली नव्हती.

सर कल्याणला महापालिकेच्या शाळेत गणित शिकवत. निवडणूक आली की इतर मास्तर ड्युटी चुकवण्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट शोधू लागत. सरांना मात्र ड्युटीचा कागद चार दिवस उशिरा आला, तर ते स्वतः चौकशीला जात. लोकसभा, विधानसभा, महापालिका, काहीही असो, मतदान केंद्राचे प्रमुख सर. म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'केंद्राध्यक्ष' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

ऐंशीच्या दशकात टीव्हीवर लंडनच्या हिरवळीवरचे सामने दिसायला लागले आणि आम्ही सगळे एका उन्हाळ्यात टेनिसचे जाणकार झालो. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलेलो. पहिल्या मजल्यावरचा रेगे ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर होता. सगळ्यात चांगला खेळाडू कोण, यावरून आमचं दोघांचं जिन्यात असं जुंपलं की त्याच्या आईने दार उघडून आम्हाला झापलं. त्याच वेळी सर दूध घेऊन येत होते. ते शांतपणे म्हणाले, "भांडताय कशाला? मतदान घ्या की." आम्ही हसलो. पुढच्या रविवारी खाली उतरलो तर सरांच्या दारावर पुठ्ठा लटकत होता, 'मतदान केंद्र क्रमांक १', आणि फाटकाच्या बाहेर रस्त्यावर खडूने एक रेघ मारलेली. रेघेच्या आत प्रचाराला बंदी. मी तिथे आ वासून उभा राहिलो, तो पुढली सात-आठ वर्षं वेळोवेळी तसाच उभा राहत गेलो.

मतपत्रिका ते कार्बन लावून स्वतः तयार करत. परदेशी नावं कुणालाच धड वाचता येत नसत, म्हणून प्रत्येक खेळाडूला एक चिन्ह दिलेलं. कुणी छत्री, कुणी शिडी, कुणी विमान. मग नावं मागे पडली आणि चिन्हंच राहिली. "काल शिडी पाच सेट खेळला रे," असं आम्ही रस्त्यात बोलायचो आणि ऐकणारे आमच्याकडे वळून बघायचे. खोडरबर कोरून केलेला फुलीचा शिक्का, बिस्किटांच्या चौकोनी डब्याला पाडलेली फट, झाकणाला लाख आणि तिच्यावर पँटच्या बटणाचा ठसा. शाई मात्र पेनाची. एकदा मी विचारलं, "सर, ती खरी न पुसणारी शाई आणा ना थोडी." सरांचा चेहराच बदलला. "ती सरकारची आहे," ते म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला प्रचार संपे. त्यानंतर कुणाची तारीफ करायची नाही. शनिवारी जिन्यात मी सहज म्हणालो, "काय बॅकहँड मारलाय शिडीने!" तर खालून सरांचा आवाज आला, "आचारसंहिता!" माझ्या हातातली भाजीची पिशवी पडली. मतदानाच्या दिवशी ते सगळ्यांना 'अहो' म्हणत. मी एरवी 'अरे श्री'. त्या एका तासापुरता 'पहिले मतदान अधिकारी', यादी हातात घेऊन खुर्चीत बसणारा. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते 'मतदार क्रमांक दोन' म्हणून हाक मारत. काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "मतदार क्रमांक दोनचे हात पिठात आहेत, थांबा जरा!"

रेगेचा मेहुणा दिलीप शहाडहून सायकलने यायचा. एकदा त्याची चेन तुटली आणि तो घामाघूम होऊन पाच वाजून चार मिनिटांनी पोचला.

"काय सर, चार मिनिटं तर झालीत. जाऊ द्या ना!"

"आपण पाच वाजता रांगेत होता का?"

"मी पाच वाजता ठाकुर्लीला सायकल ढकलत होतो!"

"मग पुढच्या महिन्यात या."

सरांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, काकूंनी पोहे दिले, पण मतपत्रिका काही दिली नाही. दिलीप पोहे खाताना माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. एका सायकलवाल्याचा टेनिसमधला मताधिकार चार मिनिटांनी जातो, हे आम्हा दोघांनाही पचत नव्हतं.

काकूंचं मत जगजाहीर होतं. त्यांचा खेळाडू किटली. हा किटली बहुधा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच घरी जायचा. त्याला दर महिन्याला नेमकं एक मत पडे आणि ते कुणाचं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सर मात्र मोजताना तितक्याच गंभीरपणे ती चिठ्ठी सगळ्यांना दाखवत आणि म्हणत, "किटली, एक." आम्ही काकूंना चिडवायचो. त्या म्हणत, "तुमचे ते मोठे लोक हरले की रॅकेट आपटतात. हा बघा, हरल्यावरसुद्धा आपल्या रिकाम्या बाटल्या स्वतः उचलून नेतो. घरी आईने वळण लावलंय."

मग नव्वदीच्या सुरुवातीला इमारतीत केबल आली आणि त्याच वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आतल्या खोलीत पलंगासमोर सरांनी टीव्ही नेऊन ठेवला. काकू दिवसभर टेनिस बघत. आता काकूंचं मत कसं घ्यायचं, असा प्रश्न आला. मी म्हणालो, "सर, तुम्हीच मारा की शिक्का." सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. "केंद्राध्यक्षाला सोबती होता येत नाही," ते म्हणाले. "श्री, तू होशील?" हातपाय न चालणाऱ्या मतदाराचा सोबती व्हायचं तर लिहून द्यावं लागतं, की मी मतदार सांगेल तसंच मत देईन आणि ते गुप्त ठेवीन. मी तसं लिहून दिलं, खाली सही केली. त्यानंतर दर महिन्याला मी मतपत्रिका आणि शिक्का घेऊन आत जायचो. सर पडद्याबाहेर उभे राहत, तेही पडद्याकडे पाठ करून. काकू तोंड वाकडं करत कष्टाने म्हणत, "कि-टली." मी शिक्का मारायचो, घडी घालायचो, त्यांच्या डाव्या बोटाला शाई लावायचो. शाई लावताना त्या हसायच्या.

आता जे सांगतो ते सांगताना आजही माझे कान गरम होतात.

त्या महिन्यात शिडी आणि छत्री यांची कमालीची चुरस होती. शिडी माझा, छत्री रेगेचा. छत्री लागोपाठ तीन महिने निवडून आलेला आणि जिन्यातल्या फळ्यावर त्याचा पेपरातला फोटो तीन महिने माझ्याकडे बघून हसत होता. रेगे रोज वर जाताना माझी बेल वाजवून म्हणायचा, "काय श्री, शिडी टेकते का कुठे?" मी सगळ्यांचा अंदाज घेतलेला. सात सात होत होते. एक विमान, एक किटली. मी आत गेलो तेव्हा काकू गुंगीत होत्या. मी वाकून विचारलं. त्या म्हणाल्या, "किटली." अगदी स्पष्ट म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही. मी शिक्का उचलला आणि शिडीवर मारला. किटली कुठे निवडून येणार होता? कुणाचं काय जाणार होतं? एवढाच विचार मी केला. भरभर घडी घातली, शाई लावली आणि बाहेर आलो.

पाच वाजता सरांनी लाख फोडली. एकेक चिठ्ठी वर धरून दाखवली. शिडी आठ, छत्री सात, विमान एक. मी ओरडून उडी मारली. सरांनी रिकामा डबा उलटा केला, हात घालून आतून चाचपला, पुन्हा उलटा केला. मला वाटलं, असाही काही नियम असेल. रेगे वैतागून म्हणाला, "किटलीला शून्य? काकूंनी पक्ष बदलला वाटतं!" सर ताडकन म्हणाले, "मतदाराविषयी बोलायचं नाही." मग निकाल वाचला, मला शिडीचा फोटो फळ्यावर लावायला सांगितलं आणि पडदा सारून आत गेले. मी जिन्यात नाचत होतो.

नवव्या दिवशी काकू गेल्या.

त्या महिन्यात मतदान होणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. शेवटच्या रविवारी मी खाली आलो तर दारावर पुठ्ठा लटकत होता. टेबल, डबा, शाई, सगळं जागच्या जागी. रेगेच्या आईने दाराशीच डोळ्यांना पदर लावला. मी म्हणालो, "सर, आज कशाला?" सर यादीवरून नजर न काढता म्हणाले, "उमेदवार गेला तर निवडणूक पुढे ढकलतात. मतदार गेला तर नाही." मतदार क्रमांक दोनवर त्यांनी पट्टी धरून लाल रेघ मारलेली. मतपत्रिकेवर किटली नव्हता. "ते चिन्ह गोठवलंय," ते म्हणाले. आणि मग, तशाच आवाजात, "आजपासून पहिले मतदान अधिकारी रेगे."

कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी मनाची समजूत घातली की सर दुःखात आहेत, त्यांना काय कळणार. त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत, चहाला बोलावत. यादी मात्र पुन्हा माझ्या हातात दिली नाही. अशी तीन वर्षं गेली.

निवृत्तीनंतर सर मुलीकडे नाशिकला राहायला निघाले. टेम्पो फाटकाशी उभा होता. मी खोकी उचलून देत होतो. शेवटी रिकाम्या खोलीत सर तो बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला. "हा तू ठेव. मतदान बंद पडू देऊ नकोस."

माझ्याने तो धरवेना. मी म्हणालो, "सर, मी हा घेऊ शकत नाही. काकूंच्या शेवटच्या मताला मी..."

"शिडीवर शिक्का मारलास," सर म्हणाले. "त्याच दिवशी कळलं मला."

मी भिंत धरली. तीन वर्षं हा माणूस माझ्याबरोबर चहा पीत होता.

"मग बोलला का नाहीत, सर? सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारायची होतीत!"

"तुझी चोरी सांगायची तर तिचं मत सांगावं लागलं असतं. मत गुप्त असतं, श्री. बायकोचं असलं तरी."

"अहो, पण ते सगळ्या इमारतीला माहीत होतं!"

"लोकांना माहीत असेल. केंद्राध्यक्षाला माहीत नसतं." ते खिडकीत टेकले. खिडकीचा पडदा काढलेला होता. "तू बाहेर नाचत होतास तेव्हा मी आत गेलो. तिने विचारलं, किती पडली माझ्या किटलीला? मी एवढी वर्षं निकाल वाचले, एकही खोटा वाचला नाही. तिला म्हटलं, एक."

विचारू नये असं वाटत असतानाही शेवटी विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

सरांनी डबा माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्यावर दाबली.

"तिला फार बरं वाटलं. म्हणाली, पोरगा घाईत होता, मला उगाचच शंका आली."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सर गेले, आणि मी त्या रिकाम्या खोलीत तसाच उभा राहिलो. रेगे शोधत आला तेव्हा मी हमसून हमसून रडत होतो. त्याला वाटलं, सर गेले म्हणून.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी माझ्या दारावर पुठ्ठा लावला, फाटकाबाहेर खडूची रेघ मारली आणि मतदान सुरू होण्याआधी यादीतल्या माझ्या नावावर पट्टी धरून लाल रेघ ओढली. इमारत पाडेपर्यंत मी मतदान घेत राहिलो, मत मात्र कधी दिलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, केंद्राध्यक्षाला मत नसतं. हे खोटं आहे, हे सरांनीच मला शिकवलेलं.