आईची सीट मिळाली, आज

ग्रुपमधल्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवाल्यांनो, आज सकाळी टोरंटोची बिझनेस क्लासची सीट मिळाली. आईसाठी, पूर्ण पॉइंटांवर. अमरावतीच्या घरात मी अक्षरशः नाचलो.

बहीण टोरंटोला असते. आईचे गुडघे गेलेले, इतके तास बसवत नाही, म्हणून झोपून जायची सीट. दोन वर्षांपूर्वीच बहीण म्हणाली होती, "दादा, अर्धे पैसे माझे, काढून टाक न तिकीट."

पण मी मोठा शहाणा! जे पॉइंटांवर फुकट येते, त्याले नगदी पैसे काहून द्यायचे?

मग अख्ख्या गोतावळ्याची खरेदी माझ्या कार्डावर. अकोल्याच्या जुन्या शहरात साडूच्या पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधला, तेव्हाही काउंटरवर माझंच कार्ड पुढे. पॉइंट भरत आले की विमानवाले सीटचा पॉइंटांमधला भाव वाढवायचे. मी म्हणायचो, "आई, थांब थोडी."

आज दुपारी विमानासाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला आईला डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट पाहून त्यांनी सरळ सांगितलं, हृदय कमजोर झालंय, आता इतका लांबचा प्रवास नाही. दोन वर्षांपूर्वी जमलं असतं.

घरी येताना ऑटोत मी मूर्खासारखा बोललो, "आई, सीट रद्द केली तं पॉइंट वापस येतात. वाया नाही जात."

आई बाहेर पाहत म्हणाली, "तुले खुर्ची पायजे होती, बापू. मले तं पोरगी पाहाची होती."

आत्ता सीट रद्द केली. पॉइंट खरंच सगळे वापस आले.

तुमच्या घरी कोणाला "थांब थोडी" म्हणून ठेवलंय?